न्याहरी आधी मेहनत मागून, या एका ओळीच्या तंट्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा आणि श्री मारुती उभयतां समर्थ. त्यांत आधी नाव कोणाचे घ्यावे यावरून आमचे राज्यात एकदा भरल्या पंक्ती उठल्या होत्या, म्हणोन दोघांस एकाच श्वासात दंडवत घालून लिहिण्यास आरंभ केला.

शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सर. आपण पुसविले की, सकाळची मेहनत करणाराने आधी खावे की मागून खावे, याचा निवाडा तुमचे राज्यात कैसा जाहला, तो सविस्तर लिहून पाठवणे. ऐशियास, त्या वर्षी आम्ही राजाचे मुदपाकखान्यात, म्हणजे थोरल्या सैंपाकघरात, पाणी भरणाऱ्या होतो, आणि जे कानी ऐकिले व डोळां देखिले तितकेच लिहितो. संवत्सराचे नावच बहुधान्य, धान्य उदंड पिकले, कणग्या भरून ओसरीस पोती लागली, आणि ते खावे केव्हा इतकेच काय ते कोणास ठरविता येईना, ऐसे ते वर्ष होते.

राज्य आमचे लहान परंतु ताठ. गड एक, नदी एक, आणि तालीम ऐसी की तिची सर दुसरीस नाही. कुस्तीच्या हौद्यातील माती तांबडी, वस्त्रगाळ केलेली, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबांचा रस पडत असे, आणि पहाटे शंभर मल्लांनी शड्डू ठोकले म्हणजे नगरातील गाई पान्हा सोडीत ऐसे म्हणत. म्हशींचे आम्ही स्वतः पाहिले आहे, गाईंचे सांगवत नाही. तालमीचे वस्ताद धुळाजी, वय साठीचे, दोन्ही कान कुस्तीत मोडून भज्यासारखे जाहलेले, आणि डोईस गुलाबी पागोटे, जे थोरल्या महाराजांनी आपल्या हातें बांधिले होते. तालमीस लागून मुदपाकखाना, मध्ये एकच भिंत, भिंतीस एक झरोका, आणि त्या झरोक्यातून दुधाच्या चरव्या पलीकडे जात. मुदपाकखान्याची मुख्य सगुणाऊ, बाई उंच, आवाज त्याहून उंच, आणि तिची भाकरी तव्यावर फुगली म्हणजे दुसरीने आपली परात झाकून घ्यावी. तिचा एकुलता लेक सुभानजी तालमीतील अव्वल मल्ल. म्हणजे देह आईने पोसला आणि डाव वस्तादांनी घातले, आणि दोघांचाही त्यावर सारखाच जीव. आजवर रीत ऐसी होती की, ज्यास त्याच्या आईने जैसे शिकविले तैसे त्याने करावे, कोणी खाऊन यावे, कोणी अनशापोटी यावे, आणि कोणाचे काही अडत नसे.

मग श्रावणमासी एक मल्ल दही-थालीपीठ पोटभर खाऊन हौद्यात उतरला, आणि शंभरावा जोर काढता काढता जे खाल्ले ते सर्व मातीस अर्पण केले. वस्ताद बहुत संतापले, चार दिवस माती उपसावी लागली, आणि त्यांनी सांगितले की उद्यापासोन सर्वांनी रित्या पोटी यावे. तेव्हा दुसरेच दिवशी एक मल्ल रित्या पोटी आला आणि दोनशे बैठकांस डोळे पांढरे करून आडवा जाहला. ते कळताच सगुणाऊ हातचे पीठ न धुता झरोक्यापाशी आली आणि बोलली, "वस्ताद, आज माती साफ राहिली ना? माणूस पडला तर पडला." वस्ताद बोलिले, "सगुणाऊ, पोट भरून मेहनत करणे म्हणजे भरली कणगी डोईवर घेऊन नाचणे. ते तुम्हांस कळावयाचे नाही." त्यावर बाई म्हणाली, "मला जाते कळते. रिते जाते ओढले तर दगडावर दगड घासतो. पीठ कशाचे पडायचे, तुमच्या कानांचे?" पलीकडे शंभर मल्ल हसले, आणि वस्तादांनी त्या सर्वांस पाच पाचशे बैठका सांगितल्या, आणि तंटा तेथून वाढला.

मग दसऱ्याचे दिवशी महाराज सीमोल्लंघनास निघाले, एक पाय रिकिबीत होता, तोच वस्ताद उजवीकडून आणि सगुणाऊ डावीकडून पुढे जाहली, आणि दोघांनी एकदमच अर्ज केला. महाराजांचा घोडा नाचत होता, मुहूर्त टळत होता, म्हणोन महाराजांनी चिटणिसांस आज्ञा केली की लिहा, आणि एक ओळ सांगितली, आणि चिटणिसांनी तेथेच हत्तीच्या झुलीवर कागद ठेवून लिहिली, आणि शिक्का जाहला, आणि महाराज धूळ उडवीत नदीपार गेले. हुकूम येणेप्रमाणे: न्याहरी आधी मेहनत मागून दूध द्यावे.

आता मोडी लिहिण्याची रीत आपणांस ठाऊकच आहे की, आधी कागदभर रेघ ओढावी, मग त्या रेघेस अक्षरे टांगीत जावे, आणि एक शब्द कोठे सरला व दुसरा कोठे लागला हे वाचणाराने आपल्या बुद्धीने जाणावे. सगुणाऊने आपल्या कारकुनाकडून वाचविला, त्याने वाचिले, "न्याहरी आधी, मेहनत मागून, दूध द्यावे." बाईने त्यास लाडू दिला. वस्तादांनी आपल्या कारकुनाकडून वाचविला, त्याने वाचिले, "न्याहरीआधी मेहनत, मागून दूध द्यावे." वस्तादांनी त्याची पाठ थोपटली, ती तीन दिवस दुखत होती. दोघांच्या हाती हुकूम एकच, शिक्का एकच, अक्षरही एक कमी ना जास्त, आणि अर्थ पूर्व-पश्चिम. मग दोघे मिळून चिटणिसांकडे गेले की तुम्ही लिहिले, तुम्हीच सांगा. चिटणीस कुलीन आणि मानी माणूस, ते बोलिले, "स्वामींच्या मुखातून जैसे आले तैसे आम्ही उतरिले. अर्थ लावणे हे आमचे कामच नव्हे." सगुणाऊ म्हणाली, "अहो, पण कान तर तुमचेच होते!" ते म्हणाले, "कान लेखणीस दिले होते, बाई." मग जासूद महाराजांकडे रवाना केला, तो एक महिना नदीनाले ओलांडून उत्तर घेऊन आला, ते उत्तर ऐसे की, लिहिल्याप्रमाणे करणे, फिरोन पुसो नये.

त्याउपरी राज्यात दोन तट पडले, खाऊन मेहनत करणारे ते भरले आणि न खाता करणारे ते रिते. आणि हे तालमीपुरते राहिले नाही. मारुतीच्या देवळात अभिषेक आधी की नैवेद्य आधी यावरून पुजारी-पुजारी बोलेनासे जाहले. कुंभारआळीत भरल्यांची मुलगी रित्यांकडे दिली होती, ती चौथ्या दिवशी माहेरी आली आणि म्हणाली, "तिकडे दळण संपेस्तोवर घास देत नाहीत." वैद्यबुवांस पुसावे तर ते प्रथम पुसणाराचे तोंड पाहत, मग नाडी पाहत, आणि जो ज्या तटाचा त्यास तेच पथ्य सांगत. ऐसे असताही, हे अभिमानाने लिहितो की, राज्यात एकानेही मेहनत सोडिली नाही. भरले खाऊन जोर काढीत, रिते न खाता जोर काढीत, आणि दुसऱ्याहून दहा अधिक निघावे म्हणून दोघेही मरत. त्या हिवाळ्यात आमचे नगरात जितके दंड फुगले तितके पुन्हा कधी फुगले नाहीत.

पौषमासी वस्तादांस कोणी डिवचले की, तुमचेच मल्ल घरून चोरून खाऊन येतात. वस्ताद भर बाजारात उभे राहिले आणि बोलिले, "माझ्या तालमीचा मल्ल न्याहरी करून हौद्यात उतरला ऐसे कोणी दाखविले, तर थोरल्या महाराजांनी बांधलेले हे पागोटे मी आपल्या हातें उतरीन आणि तालमीचा उंबरा पुन्हा चढणार नाही." सगुणाऊस हे कळले तेव्हा ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला, आणि भाकरी एका बाजूने जाड राहिली. ती इतकेच म्हणाली, "म्हातारा हट्टी आहे. पण त्याच्याशिवाय त्या भिंतीपलीकडे आहे कोण?"

आणि तशात नदीपलीकडील राज्यातून आव्हान आले. त्यांचा मल्ल शिदाप्पा, सात राज्यांत पाठ न लागलेला, आमच्या अव्वल मल्लाशी फाल्गुन शुद्ध दशमीस सूर्योदयी कुस्ती धरील, आणि जो हरेल त्याच्या वस्तादाने पागोटे उतरून जिंकणाराच्या वस्तादापुढे ठेवावे. आव्हान नाकारणे हे आमच्या राज्याच्या रक्तात नाही, म्हणोन विडा उचलला, आणि सुभानजीचे नाव नेमिले. आता वस्तादांचे पागोटे दोहींकडून अडकले. सुभानजी हरला तर गेले, आणि सुभानजी न्याहरी करून उतरला तरी गेले.

नवमीस दुपारी महाराज स्वारीहून परत आले, आणि नगाऱ्याचा आवाज विरतो न विरतो तोच सर्व नगर वाड्यापुढे लोटले. हुकुमाचा कागद महाराजांपुढे ठेविला. महाराजांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, मिशीवरून हात फिरविला, आणि आम्ही जवळ उभ्या होतो म्हणून सांगतो, पाच महिन्यांपूर्वी घोड्यावर पाय ठेवताना आपण काय म्हणालो होतो हे महाराजांसही आठवेना. परंतु राजास विसर पडला ऐसे राजाने म्हणावयाचे नसते. तेव्हा दिवाणांनी युक्ती काढिली की, स्वामींनी हुकूम आपल्या मुखें वाचावा, आणि स्वामी जेथे दम घेतील तेथे शब्द तुटला ऐसे समजावे. सर्वांस मानवले. भरले एकीकडे, रिते एकीकडे उभे राहिले. महाराजांनी छाती भरून घेतली. परंतु महाराजही त्याच तालमीचे, लहानपणापासोन नित्य हजार जोर काढलेले, त्यांची छाती म्हणजे लोहाराचा भाता; त्यांनी पहिल्या अक्षरापासोन शिक्क्यापर्यंत सर्व हुकूम एका दमात वाचिला, आणि वर शेवटचे मोर्तब सुद हे शब्द म्हणूनच श्वास टाकिला. निवाडा काही जाहला नाही. परंतु काय ती छाती! रिते आणि भरले, दोघांनीही टाळ्या पिटल्या.

लोक पांगले तेव्हा सगुणाऊ झरोक्यापाशी गेली आणि म्हणाली, "वस्ताद, ऐका. उद्या तुमचेच होऊ द्या. कुस्ती सुटेपर्यंत मी चूल पेटवीत नाही. माझ्या घरच्या घासापायी तुमचे पागोटे नको जायला." वस्ताद म्हणाले, "बरे."

दशमीस झुंजुमुंजू जाहले, आणि आम्ही पाणी भरीत होतो, तो वस्ताद स्वतः मुदपाकखान्याच्या दारात आले. चाळीस वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. म्हणाले, "सगुणाऊ, काही खायला आहे काय?" बाई म्हणाली, "तुम्हांला?" म्हणाले, "सुभानजीला. माझे वचन मोडू नये म्हणून त्याने काल दुपारपासोन पाणीसुद्धा मोजून घेतले आहे. आता लंगोट बांधताना त्याचे हात कापत होते. मला वाटले थंडीने. थंडीने नव्हे." बाई म्हणाली, "चूल थंड आहे. मी शब्द दिला आहे." म्हणाले, "शब्द मला दिला होता ना? मग मी परत करतो." बाई म्हणाली, "आणि पागोटे?" वस्ताद म्हणाले, "कापड आहे ते. हात त्याचे कापताहेत." तिने इकडे तिकडे पाहिले, दुरडीत कालची अर्धी भाकर होती, तीवर तूप लोटले आणि गुळाचा खडा ठेविला, आणि वस्तादांनी ती पदराआड घ्यावी तैसी अंगरख्याआड घेतली आणि गेले. सुभानजीस त्यांनी कोपऱ्यात ओढून म्हटले, "खा." तो म्हणाला, "वस्ताद, तुमची शपथ?" ते म्हणाले, "शपथ माझी, पोट तुझे. खा, आणि चावून खा, गिळू नकोस." आणि त्याने उभ्याउभ्याने खाल्ली.

मग सूर्य निघाला आणि कुस्ती लागली. शिदाप्पा म्हणजे चालता बुरूज. त्याने प्रथम सुभानजीस दोनदा खाली घेतले, मान दाबली, माती तोंडात गेली, आणि नदीपलीकडील लोक ढोल पिटू लागले. सगुणाऊ पायऱ्यांवर बसली होती, तिने पदराचे टोक दातांत धरिले होते, आणि वस्ताद हौद्याकाठी उभे, त्यांचे ओठ हलत होते, कोणता देव ते कळले नाही. दोन घटिका जाहल्या, शिदाप्पाचा श्वास जड जाहला, सुभानजीचा मात्र तैसाच राहिला, आणि वस्ताद एकदम ओरडले, "आता!" तेव्हा सुभानजीने खाली वाकून पट काढिला म्हणजे पाय धरून ओढिले, बुरूज हलला, आणि मग ढाक लावून कमरेवरून फेकिला, आणि शिदाप्पा आकाशाकडे पाहत मातीवर पडला. पाठ पूर्ण लागली. जो गजर जाहला तो वर्णवत नाही. नदीच्या पलीकडचे कावळे उडाले. सुभानजीने प्रथम शिदाप्पास हात देऊन उठविले, मग वस्तादांचे पाय धरिले, आणि मग आईकडे पाहिले.

परंतु नदीपलीकडील कारभारी चतुर आणि जळफळलेले, ते पुढे जाहले आणि बोलिले, "कुस्ती तुमची, आमचे वस्ताद पागोटे ठेवतात. परंतु आम्ही ऐकितो की तुमच्या वस्तादांनी शपथ वाहिली आहे. आणि ह्या मल्लाच्या मिशीस तर तूप दिसते." सर्वांनी पाहिले. उन्हात मिशी चमकत होती. सुभानजीचा हात तोंडाकडे गेला, तो वस्तादांनी धरिला आणि म्हणाले, "पुसू नकोस. आपल्या तालमीत खरे पुसून टाकीत नाहीत." मग महाराजांकडे तोंड करून मोठ्याने बोलिले, "महाराज, खाऊन उतरला. माझ्या हातून खाल्ले, माझ्या सांगण्याने खाल्ले." आणि त्यांनी दोन्ही हात पागोट्यास लाविले. तेव्हा भरल्या तटाचा जय उघड जाहला, पाच महिने ज्यासाठी भांडले ते सर्व एका वाक्यात पदरात पडले, परंतु एकही भरला ओरडला नाही. कितीकांनी खाली पाहिले.

तेव्हा सगुणाऊ उठली आणि पायऱ्या उतरून हौद्यापाशी आली आणि म्हणाली, "थांबा वस्ताद. तुमची शपथ काय होती? खाऊन, की न्याहरी करून?" वस्ताद म्हणाले, "न्याहरी करून." तेव्हा ती कारभाऱ्यांकडे वळली आणि बोलली, "मग ऐका कारभारी. अर्धी भाकर, तीही कालची, तीही उभ्याने, तळहातावर घेऊन. पाट नाही, पान नाही, पाण्याचा तांब्या नाही, कोणी वाढ म्हणाले नाही, कोणी पुरे म्हणाले नाही. ह्यास तुम्ही न्याहरी म्हणता? मग मी एकतीस वर्षे त्या चुलीपुढे काय केले? हा पोटाला आधार. माझ्या मुदपाकखान्यात आधाराला न्याहरी म्हणणारास मी भांडी घासायला बसविते." मागून एक म्हातारा म्हणाला, "आऊ, आमच्या घरी तर शिळी भाकरच न्याहरी." ती म्हणाली, "तुमच्या घरी असेल हो मामा. हे राजाचे घर. सुभानजीची न्याहरी अजून व्हायची आहे."

महाराज प्रथम गालात हसले, मग पोट धरून हसले, मग गंभीर होऊन आज्ञा केली, "तालमीचा शब्द वस्तादांनी सांगावा, आणि चुलीचा शब्द चुलीने सांगावा. न्याहरी जाहलेली नाही. शपथ अभंग आहे. आजपासोन आधार आधी, मेहनत मध्ये, न्याहरी मागून." आणि चिटणिसांस म्हणाले, "आणि हे लिहिताना मध्ये जागा सोडा." वस्तादांचे हात पागोट्यावरून खाली आले. ते सगुणाऊस म्हणाले, "पाच महिने तुम्ही म्हणत होता की त्याने खाऊनच उतरावे. आज सर्वांदेखत जिंकल्या असता." ती म्हणाली, "जिंकले तर काय, उद्यापासोन झरोक्यातून कोणाशी भांडू?"

इतक्यात सुभानजी म्हणाला, "आई, निवाडा जाहला असेल तर वाढ. आधार संपला." तेव्हा ध्यानी आले की चूल तर थंडच आहे. मग जे जाहले ते आमच्या राज्यातच होऊ जाणे. रित्यांच्या बायका घरी धावल्या, भरल्यांच्या बायका घरी धावल्या, आणि ज्याच्या घरी जे होते ते आले, ताज्या भाकऱ्या, पिठले, लोणी, वांग्याचे भरीत, दुधाच्या चरव्या, आणि कोणाचे ताट कोणापुढे गेले याचा हिशेब कोणी ठेविला नाही. शिदाप्पास सुभानजीच्या मांडीस मांडी लावून बसविले, त्याने अकरा भाकऱ्या खाल्ल्या, आणि सगुणाऊ त्यास म्हणाली, "लेकरा, तुला तुझ्या राज्यात उपाशीच लढविले काय रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "नव्हे आऊ, फार खाऊ घातले." आणि पहिला पाट मांडला तो वस्तादांस. ते नको नको म्हणत होते, परंतु त्यांनीही कालपासोन काही घेतले नव्हते हे सगुणाऊने त्यांच्या तोंडावरून ओळखिले होते, आणि तिने आपल्या हातें पान मांडिले, पाण्याचा तांब्या ठेविला, आणि म्हणाली, "बसा वस्ताद. ह्यास न्याहरी म्हणतात."

तात्पर्य, आपल्या पुसण्याचे उत्तर इतकेच की, रित्या पोटी मोठी मेहनत करू नये आणि भरल्या पोटीही करू नये. घासभर आधार घ्यावा, घाम येईतो मेहनत करावी, मग पाटावर बसून खावे. हे आता कोणीही सांगेल. परंतु ते शोधून काढण्यास एक सबंध राज्य पाच महिने भांडले, भांडताना एक दिवस जोर चुकविला नाही, आणि जिंकण्याची वेळ आली तेव्हा जिंकणारीने ती सोडून दिली, ऐसी माणसे आम्ही पाहिली आणि त्यांच्या घरचे पाणी आम्ही भरिले. आम्हांस याहून मोठी सनद नको. बहुत काय लिहिणे.